गाडी कोणी ढकलली

लिओकादिओ सालासइतका संशयी माणूस आमच्या गल्लीत दुसरा नव्हता, आणि गल्ली काही लहान नव्हती. पाववाल्यानं पाव कागदात गुंडाळून दिला तर हा दुकानाच्या पायरीवरच कागद उलगडून बघायचा. बायको आंगुस्तियास फोनवर जरा हळू बोलली की याला वाटायचं, विषय आपलाच चाललाय. ती बिचारी बहिणीशी गुडघेदुखीवर बोलत असायची. खिडक्यांना गुंडाळी पडदे बसवून देण्यात त्याचा जन्म गेला होता. लोकांच्या घरात डोकावायची सवय धंद्याबरोबर लागली होती. पुढे धंदा सुटला, पण सवय सुटली नाही.

त्याच्या जुन्या दोस्ताला, फेर्मिनला अपघात झाला आणि या सवयीला भरपूर काम मिळालं.

अपघात सगळ्यांना माहीत होता तो एवढाच. भर दुपारी लिओकादिओची पांढरी गाडी कडेला लावलेल्या गाड्यांच्या बाहेरून, दुहेरी रांगेत उभी होती आणि तो आत बसला होता. मागून फेर्मिन दुकान बंद करून सायकलवर घरी निघाला होता. गाडीचं दार उघडलं, फेर्मिन त्यावर आदळला आणि दारावरून पलीकडे जाऊन पडला. उजवं मनगट मोडलं, त्याच हाताची बोटं चिरडली. फेर्मिन चुरोस तळायचा. उकळत्या तेलावर यंत्र धरून पिठाचं वेटोळं सोडायचं आणि दोन लांब काड्यांनी ते अख्खं उलटायचं, हे सगळं उजव्या हाताचं काम. दुकान तेव्हापासून बंदच होतं आणि सकाळी गल्लीला तळणीचा वास येत नव्हता.

पोलिसांनी विचारलं तेव्हा लिओकादिओ म्हणाला होता, "मी दार बोटभर किलकिलं केलं आणि मागे वळून बघत होतो. तेवढ्यात पुढून कोणीतरी गाडी ढकलली. गाडी मागे गेली आणि दार माझ्या हातून सुटलं."

यावर कोणी हसलं नाही. आमच्या सेविया शहरात गाडी दुहेरी रांगेत सोडायची तर हँडब्रेक काढून सोडायची, हे आमच्याकडे पोरं चालायला लागतात तेव्हाच शिकतात. आतल्या रांगेतल्याला निघायचं असलं की तो बाहेरच्या गाडीला हात लावतो, चार पावलं ढकलतो आणि वाट करून घेतो. हँडब्रेक लावून निघून जाणाऱ्याला आमची गल्ली माणसात धरत नाही. शिव्यांची सुरुवात त्याच्या आईपासून होते. तेव्हा कोणीतरी ढकलली म्हटल्यावर सगळ्यांनी मान डोलावली. प्रश्न उरला तो एकच, ढकलली कोणी?

लिओकादिओच्या विमा कंपनीला तर आयतंच मिळालं. कंपनी म्हणाली, दार उघडतो त्याची जबाबदारी, हे ठीकच. पण दार माणसानं उघडलं नाही, धक्क्यानं उघडलं, असं आमचा ग्राहकच सांगतोय. मग आधी धक्का देणारा शोधा, त्याला जबाबदार धरा आणि मग बोलू. फेर्मिनची भरपाई तिथंच अडकली. हात गळ्यात बांधलेला, दुकान बंद आणि भांडायचं कोणाशी तर जो सापडतच नाही त्याच्याशी.

आंगुस्तियास डबा घेऊन फेर्मिनला बघायला गेली आणि निरोप घेऊन परत आली.

"काय म्हणाला?" लिओकादिओनं विचारलं.

"म्हणाला, ढकलणारा माणूस आणून माझ्यासमोर उभा कर. केलास तर तुझ्यामाझ्यात काही नाही. नाही केलास तर मी समजेन की मला येताना बघितलंस आणि नेम धरून दार उघडलंस."

"असं म्हणाला?"

"डबा तेवढा ठेवून घेतला," आंगुस्तियास म्हणाली.

फेर्मिनच्या मनात हे यायला कारण होतं. अपघाताच्या आदल्या आठवड्यात बारमध्ये डॉमिनोचा डाव चालला होता आणि दुहेरी पाचाची सोंगटी सापडेना. टेबलाखाली बघितलं, खुर्च्या हलवल्या. मग लिओकादिओ सगळ्यांच्या देखत म्हणाला, "फेर्मिन, अस्तनी झटक." फेर्मिननं झटकली नाही. तो म्हणाला, "हे तू मला सांगतोस?" लिओकादिओनं आवाज चढवला आणि चोर हा शब्द वापरला. लग्नाआधीपासूनचे दोस्त दोघं. फेर्मिननं ग्लास अर्धा सोडला, टोपी घातली आणि निघून गेला. तेव्हापासून बोलणं बंद होतं. त्यात हा अपघात.

म्हणून लिओकादिओला ढकलणारा सापडायलाच हवा होता. ढकलणारा सापडला तर अपघात आणि नाही सापडला तर लिओकादिओ दोस्ताचा हात मोडणारा हरामखोर. मधलं काही नव्हतं. खुद्द त्या मिनिटाकडे मात्र तो फारसं बघायचा नाही. गाडी हादरली होती, एवढं त्याला पक्कं आठवत होतं आणि तेवढ्यावर त्याची गाडी थांबायची. विचार करायचा तो लोकांचा.

पहिला संशय बाल्दोवर. बाल्दो कोपऱ्यावर उभा राहून लोकांना गाड्या लावायला जागा दाखवायचा, हातवारे करायचा आणि मिळेल ते नाणं खिशात टाकायचा. गाड्या पुढेमागे करणं हे त्याचं रोजचंच.

"त्या दिवशी दुपारी कुठे होतास तू?"

"तुम्हीपण आता?" बाल्दो म्हणाला. "पोलिसांनी विचारलं, विम्याच्या माणसानं विचारलं. इथंच होतो. म्हणजे त्या बाजूला. दुपारी सावली तिकडे असते, लिओकादिओसाहेब."

"माझी गाडी ढकललीस?"

"मी दिवसाकाठी इतक्या गाड्या ढकलतो की घरी गेल्यावर पलंगही थोडा ढकलूनच झोपतो. पण आत माणूस असला तर नाही ढकलत. काचेवर टकटक करतो. आतला माणूस नाणं देतो. रिकामी गाडी काय देणार?"

"आतला माणूस दिसलाच नसेल. पुढच्या काचेला उन्हाचा पडदा लावला होता मी."

बाल्दोनं मान तिरकी केली. "चंदेरी पडदा लावून आत बसला होता? समोरच तर बार आहे. पंखे आहेत तिथं."

"मी कुठे बसायचं ते तू सांगणार?"

"मी कशाला सांगू? ढकलणारा हवाय ना तुम्हाला? मग तुमच्या गाडीनं कोणाची गाडी अडवली होती ते बघा की. मी काही बोललो नाही हं."

आता लिओकादिओच्या डोक्यात उजेड पडला. आतल्या रांगेत होती ती व्हिर्तुदेसची निळी गाडी. व्हिर्तुदेसचं बटणं, लेस आणि दोऱ्यांचं दुकान तिथंच, चार पावलांवर. आणि तिच्याबद्दल आठवायला लागला तर एकेक गोष्ट वर यायला लागली. अपघातानंतर सगळी गल्ली बाहेर आली, ही दुकानाच्या दारातच थांबली. रोज "काय लिओकादिओ, कुठे निघालास?" म्हणणारी, आता हा दिसला की रस्ता ओलांडते. परवा तर तो समोरून येताना दिसला आणि हिनं शटर अर्ध्यावर ओढलं. दुपारच्या जेवणाला अजून वेळ होता.

"ती नेहमीच घाईत असते," आंगुस्तियास म्हणाली.

"घाईत नसते, लपत असते."

"तुला सगळेच लपताना दिसतात. उद्या मी आंघोळीला गेले तरी म्हणशील, लपली."

"आंगुस्तियास, गंमत नको. ही सापडली तर फेर्मिन सापडला."

हे आंगुस्तियासलाही पटत होतं. फेर्मिन बोलायचा बंद झाल्यापासून नवरा जेवणावर वाकून बसायचा आणि ऑलिव्हच्या बियाच ताटात रचत राहायचा, हे तिला रोज बघावं लागत होतं.

तो दोन दिवस व्हिर्तुदेसच्या पाळतीवर राहिला. बारच्या खिडकीतून, औषधांच्या दुकानातून. ती दुकान बंद करताना आधी रस्त्याच्या दोन्ही टोकांना बघायची. मुद्दाम आपल्या निळ्या गाडीला वळसा घालून जायची आणि जाताना तिच्याकडे बघायची नाही. ज्याच्या मनात काही नाही तो स्वतःच्या गाडीला कशाला टाळेल? लिओकादिओला आता शंका उरली नाही. उलट त्याला तिची थोडी कीवच आली. बाईमाणूस, घाबरली असेल. आपण ओरडायचं नाही, असं त्यानं ठरवलं.

तिसऱ्या दिवशी दुकानात कोणी नाही असं बघून तो आत शिरला.

"कोटाचं बटण हवंय," तो म्हणाला.

"कोट कुठाय?"

"घरी."

"मग बटण कुठल्या मापाचं देऊ, तुझ्या तोंडाच्या?" व्हिर्तुदेसनं काउंटरवरची कात्री उगाच सरळ केली. "कशाला आलायस ते बोल. दोन दिवस औषधांच्या दुकानात उभा होतास. लोक विचारतायत, लिओकादिओला झालंय काय म्हणून."

"माझी गाडी तू ढकललीस की नाही?"

ती खोक्यांच्या रांगेकडे बघत राहिली. मग तिनं खुर्ची ओढली आणि बसली.

"ढकलली," ती म्हणाली.

लिओकादिओच्या छातीवरचा दगड उतरला. त्यानं ठरवलं होतं तसा तो ओरडला नाही. उलट त्याला तिचे हात हातात घ्यावेसे वाटले. "बरं झालं बोललीस. तुझा विमा आहे, तो बघून घेईल. तू फक्त फेर्मिनपुढे येऊन एवढंच सांग."

"काय सांगू?"

"ढकलली म्हणून."

"ढकलली आणि ती ढिम्म हलली नाही, हेही सांगू ना?" व्हिर्तुदेस म्हणाली. "दोन्ही हात लावले, पाय रोवले, कंबरेत चमक भरली माझ्या. गाडी नुसती थरथरली आणि जागच्या जागी राहिली. हँडब्रेक लावलेला होता तुझा. मी तुझा, तुझ्या आईचा आणि गाडी बनवणाऱ्याचा उद्धार करत परत दुकानात आले. पाण्याचा ग्लास तोंडाला लावते तोच बाहेर आवाज झाला."

"हँडब्रेक? मी? दुहेरी रांगेत?"

"मलाही तेच वाटलं. म्हटलं, लिओकादिओ असलं करायचा नाही. बाकी काहीही करेल, पण हे नाही."

"मग इतके दिवस तोंड का नाही उघडलंस?"

"कशाला उघडू? तू पोलिसांना सांगून मोकळा झालास, कोणीतरी ढकलली. हात लावणारी मी एकटी. पहिल्या रात्री मला वाटलं, माझ्याच हातानं फेर्मिनचा हात गेला. उठून बसले होते मी. मग नीट आठवून बघितलं. जी गाडी हललीच नाही तिनं दार कसं उघडलं? आणि हे तुला येऊन सांगावं तर तू म्हणणार, बाई खोटं बोलतेय, अंग काढून घेतेय. म्हणणार होतास की नाही?"

लिओकादिओ तेच म्हणणार होता. आत्ताही ते त्याच्या जिभेवर आलं होतं.

व्हिर्तुदेसचा आवाज उतरला. "हे बघ, तुमच्या दोघांच्या दोस्तीसाठी हवं तर मी सांगते की हलली म्हणून. डोक्यावर घेते. पण आधी मला एक सांग. दुहेरी रांगेत हँडब्रेक कोण लावतो? ज्याला गाडी सोडून जायचंच नाही तो. तू तिथं बसूनच राहणार होतास. पुढच्या काचेला पडदा लावून, उन्हात, शिजत. कोणाची वाट बघत होतास?"

त्यानं टोपी उचलली आणि बाहेर आला.

चौकात संत्र्याच्या झाडांखाली बाक होता, त्यावर तो बसला. त्या तोंडानं घरी जाता येत नव्हतं आणि बारमध्येही जाता येत नव्हतं. तेव्हा एवढे दिवस ज्याला बगल दिली त्या मिनिटाकडे त्याला बघावंच लागलं.

भांडणाच्या त्या संध्याकाळी घरी येऊन तो पलंगावर बसला, पायजमा घालायला पँट काढली, आणि पँटच्या दुमडीतून काहीतरी फरशीवर पडलं. दुहेरी पाच. ती त्यानं मोज्यांच्या कप्प्यात खाली सारली आणि आंगुस्तियासला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तो फेर्मिनच्या दुकानापर्यंत गेला. गिऱ्हाइकांची रांग होती. एवढ्या लोकांसमोर तोंडातून शब्द निघेना. तो तसाच पुढे गेला. रोज तसाच पुढे जायचा. मग त्याला सुचलं की फेर्मिन घरी जातो त्या वाटेवर गाडी लावून बसावं, तो एकटा असताना गाठावं. कोणी बघू नये म्हणून पडदा लावला. आपण आत असताना कोणी गाडी ढकलायला आलं तर शोभा होईल म्हणून हँडब्रेक लावला. पुढून कोणीतरी जोर लावला आणि गाडी थरथरली, तेव्हा तो श्वास धरून खाली सरकून बसला होता. मग जोर लावणाऱ्याची पावलं दूर गेली.

आणि थोड्या वेळानं आरशात फेर्मिन आला. त्यानं पांढरी गाडी ओळखली. तोंड फिरवलं आणि पाय जोरात मारायला लागला. लिओकादिओला वाटलं, गेला, आता गेला हा. हात कडीवर पडला.

कोणी काही ढकललं नव्हतं.

फेर्मिनच्या बायकोनं दार उघडलं आणि ती बाजूला झाली. फेर्मिन बाल्कनीत बसला होता. प्लास्टरचा हात उशीवर ठेवलेला, बोटांची टोकं सुजलेली. त्यानं लिओकादिओच्या मागे बघितलं, दुसरं कोणी आलंय का ते.

"एकटाच आलास?"

"ढकलणारा नाही," लिओकादिओ म्हणाला. "कोणी ढकलली नाही गाडी. हँडब्रेक लावलेला होता. दार मी उघडलं."

फेर्मिन खुर्चीत पुढे सरकला.

"मला बघितलं होतंस?"

"बघितलं होतं. आरशात."

"आणि उघडलंस."

"तू थांबावंस म्हणून. तुझीच वाट बघत बसलो होतो. सोंगटी माझ्या पँटच्या दुमडीत सापडली, त्याच दिवशी. ते सांगायचं होतं. तू तोंड फिरवून निघालास तसा मी घाबरलो. विचार केलाच नाही. हात गेला." त्यानं हातातली टोपी कठड्यावर ठेवली. "पोलिसांनी विचारलं तेव्हा जे तोंडात आलं ते सांगितलं आणि मग तेच खरं धरून बसलो. सगळ्या गल्लीवर संशय घेऊन झाला माझा."

"हाक मारायची होतीस."

"हाक मारली असती तर थांबला असतास?"

फेर्मिननं खालच्या रस्त्याकडे बघत त्यावर प्रामाणिकपणे विचार केला.

"नसतो थांबलो," तो म्हणाला. "पण मनगट शाबूत राहिलं असतं."

लिओकादिओनं बाहीनं डोळे पुसले. आतून भांड्यांचा आवाज येत होता.

"रडू नकोस," फेर्मिन म्हणाला. "आधी पोलिसांकडे जा आणि हे सांग. मग विम्याच्या माणसाला सांग. तुझ्या त्या ढकलणाऱ्यापायी माझं सगळं लटकलंय. आणि मग बारमध्ये ये. चोर मला तिथं म्हणाला होतास."

पोलिसांनी जबाब बदलून घेतला. आधी खोटं का सांगितलंस, असं त्यांनी त्याला दोन-तीनदा विचारलं आणि याचा दंड होईल, शिवाय कायकाय होईल, तेही सांगितलं. विम्याच्या माणसाचा चेहरा पडला. जबाबदारी आता सरळ होती, दार उघडणाऱ्याची, आणि फेर्मिनची भरपाई मार्गी लागणार होती. कंपनी पुढे लिओकादिओच्या मागे लागेल ते लागेल. आंगुस्तियासनं सगळं ऐकून घेतलं आणि मोज्यांचा कप्पा उघडून सोंगटी त्याच्या हातात दिली. तिला ती केव्हाच सापडली होती. तू सांगशील म्हणून थांबले होते, एवढंच ती म्हणाली.

शनिवारी दुपारी बार भरला होता. बाल्दो दारात उभा होता, व्हिर्तुदेसही कॉफी घ्यायला आली होती. लिओकादिओनं सोंगटी टेबलावर ठेवली. सोंगटीकडे बघून बाकीचे डाव थांबले.

"ही माझ्या पँटमध्ये होती," तो म्हणाला. "फेर्मिननं चोरली नव्हती. मी त्याला चोर म्हणालो, ते खोटं होतं. आणि त्याचा हात मी मोडला, दुसऱ्या कोणी नाही. गाडी कोणी ढकलली नव्हती." तो व्हिर्तुदेसकडे वळला. "तुझ्यावरही संशय घेतला. चुकलो."

बारवाल्यानं उगाच एक ग्लास पुसला. फेर्मिन कोपऱ्यातून उठला, येऊन लिओकादिओच्या समोरची खुर्ची त्यानं पायानं ओढली आणि बसला. बाकीच्या दोन खुर्च्यांवर रोजचेच दोघं बसले. सोंगट्या पालथ्या घालून ढवळल्या गेल्या. फेर्मिननं डाव्या हातानं आपल्या वाटणीच्या एकेक ओढून घेतल्या, पण एका हातानं त्या उभ्या राहीनात. एक पडली की शेजारची पडायची.

"माझ्या तू लाव," तो लिओकादिओला म्हणाला.

लिओकादिओ वाकला. मग त्याचा हात थांबला. "लावायच्या म्हणजे मला दिसणार सगळ्या."

"बघ की," फेर्मिन म्हणाला. "आज पोटभर बघून घे."